अस्तर जपायचे ते गावातच

वरवट बकाल किंवा संग्रामपूरहून अकोल्याला जाऊन मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्याच्या फाईलमध्ये, सोनोग्राफीच्या कागदावर, एक आकडा हमखास सापडतो. ५.८, ७.२ किंवा ९.० मिलिमीटर. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची ती जाडी. त्या महिन्यात पुढे जायचे की थांबायचे, हे बऱ्याचदा त्या आकड्यावर ठरते. तो कमी आला की डॉक्टर सांगतात, ‘अस्तर पातळ आहे, या महिन्यात गर्भ सोडायला नको.’ दवाखान्यात हे वाक्य क्षणात संपते. घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘पिशवीतच दोष आहे’ असे झालेले असते आणि पुढची कित्येक वर्षे ते त्या बाईच्या नावावर राहते.

म्हणून या अस्तराबद्दल नीट, सविस्तर बोलायला हवे. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या, यशात त्याचा वाटा आहे, याबद्दल वाद नाही. पण जाहिरातींत सांगतात तेवढा तो मोठा नाही. आणि ज्या स्त्रियांच्या बाबतीत अस्तर खरोखरच निर्णायक ठरते, त्यांचे अस्तर आयव्हीएफ केंद्राची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी बिघडलेले असू शकते. ते बिघडवणारी दोन मोठी कारणे, चुकीच्या पद्धतीने केलेले क्युरेटिंग आणि वेळेवर न ओळखलेला क्षयरोग, ही गाव-तालुक्याच्या पातळीवरची आहेत. ती रोखण्याची जागाही तीच आहे.

गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. तिला आतून जे मऊ आवरण असते ते अस्तर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एन्डोमेट्रियम. त्याचे दोन थर असतात. वरचा थर दर पाळीला गळून जातो. खालचा, स्नायूला चिकटलेला पातळ थर तसाच राहतो आणि त्यातल्या पेशींपासून वरचा थर पुन्हा उभा राहतो. एका स्त्रीच्या आयुष्यात हे गळणे आणि उभे राहणे चारशेच्या आसपास वेळा होते, तेही व्रण न ठेवता. शरीरात असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. मात्र हे सगळे खालचा थर शाबूत आहे तोवर. तो खरवडला गेला किंवा रोगाने खाल्ला, की तेवढ्या जागेपुरते अस्तर पुन्हा धरत नाही. पुढचे सगळे विवेचन या खालच्या थराभोवती फिरणार आहे.

पाळी संपते तेव्हा अस्तर दोन-चार मिलिमीटरचे असते. बीजांडकोशात वाढणाऱ्या फॉलिकलमधून इस्ट्रोजेन रक्तात येऊ लागते तसे ते जाड होत जाते. बीज फुटले की प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. मग वाढ थांबते आणि अस्तर आतून बदलू लागते. ग्रंथी पोषक स्राव सोडतात, रक्तवाहिन्या वळणदार होतात, पेशी गर्भाला धरून ठेवण्याच्या तयारीला लागतात. ही तयारी पूर्ण असण्याचे दिवस मोजकेच, बीज फुटल्यानंतर साधारण सहाव्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाऊस झाला म्हणून कोणी लगेच तिफण बाहेर काढत नाही. जमीन वाफशावर यावी लागते, आणि वाफसा निघून गेला की तेच बियाणे त्याच वावरात धड उगवत नाही. अमेरिकेत गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून एक अभ्यास झाला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के गर्भ आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेले आढळले. त्यानंतर रुजलेल्यांत गर्भ पडून जाण्याचे प्रमाण दिवसागणिक वाढत गेले.

वेळेचे हे महत्त्व आपल्याच देशातल्या एका डॉक्टरने फार लवकर ओळखले होते. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मली. सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. तिचेच पुढचे नाव कनुप्रिया अगरवाल. बीजे वाढवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात संप्रेरकांचा तोल ढळलेला असतो, म्हणून मुखर्जींनी गर्भ त्याच महिन्यात सोडला नाही. तो गोठवला, ५३ दिवस ठेवला आणि नंतरच्या एका नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडला. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून हर्षा चावडा जन्मली आणि देशातली पहिली म्हणून तिची नोंद झाली. या कामातले त्यांचे सहकारी होते परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार. त्यांनी मुखर्जींची टिपणे तपासली आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहून पहिलेपणाचा मान स्वतःहून मुखर्जींना दिला. विज्ञानाच्या क्षेत्रात एवढा मोठेपणा विरळा.

गर्भ गोठवून पुढच्या चक्रात सोडण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. ती सगळ्यांनाच लागते असे मात्र नाही. पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार असलेल्या १५०८ स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोठवलेल्या गर्भांनी ४९.३ टक्के तर ताज्या गर्भांनी ४२ टक्के स्त्रियांना मूल झाले. पीसीओएस नसलेल्या स्त्रियांवरच्या व्हिएतनाममधल्या २०१८ च्या चाचणीत असा फरक दिसला नाही. कोणाचे अस्तर त्या महिन्यात कसे वागेल, हे बाईगणिक वेगळे असते. म्हणून ‘आमच्याकडे सगळ्यांचे गर्भ गोठवूनच सोडतो’ असे सरसकट उत्तर मिळाले, तर ‘आमच्या बाबतीत का?’ हे विचारायलाच हवे.

आता त्या आकड्याकडे वळू. योनीमार्गातून घेतलेल्या सोनोग्राफीत, बीज फुटण्याच्या आधीच्या दिवसांत, चांगले अस्तर तीन पांढऱ्या रेषांचे दिसते. दोन रेषा कडेच्या, एक मधली, आणि त्यांच्यामध्ये काळसर पट्टे. डॉक्टर एका कडेच्या रेषेवर छोटे अधिकचिन्ह ठेवतात, समोरच्या रेषेवर दुसरे ठेवतात, आणि यंत्र दोहोंमधले अंतर पडद्याच्या कोपऱ्यात लिहिते. प्रोब जरा तिरका लागला, छेद वेगळ्या जागी पडला, मोजणारा हात बदलला, तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एका दवाखान्यातले ६.८ आणि दुसऱ्यातले ७.५ हे एकाच अस्तराचे आकडे असू शकतात.

त्या आकड्याला किती वजन द्यावे, याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर उपलब्ध आहे. कॅनडातल्या आयव्हीएफ केंद्रांच्या नोंदी एकत्र करून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २४ हजारांहून अधिक ताज्या आणि २० हजारांहून अधिक गोठवलेल्या गर्भांची चक्रे होती. ताज्या गर्भांत अस्तर ८ मिलिमीटर किंवा जास्त असताना ३३.७ टक्के स्त्रियांना मूल झाले. ७ ते ८ च्या दरम्यान हे प्रमाण २५.५, ६ ते ७ च्या दरम्यान २४.६ आणि ५ ते ६ च्या दरम्यान १८.१ टक्के होते. गोठवलेल्या गर्भांत घसरण ७ च्या खाली सुरू झाली आणि ५ ते ६ च्या गटात प्रमाण १५ टक्क्यांवर आले. अस्तर पातळ असले की शक्यता कमी होते, हे यातून स्पष्ट दिसते. तितकेच स्पष्ट हेही दिसते, की अगदी पातळ अस्तर असलेल्या शंभरातल्या पंधरा-अठरा जणींच्या कुशीत मूल आले. ७ हा आकडा सावधगिरीचा आहे. ‘तुला मूल होणारच नाही’ असा त्याचा अर्थ कोणी सांगत असेल, तर तो चुकीचे सांगत आहे. आणि जाडी पुरेशी असली म्हणजे अस्तर निरोगी असतेच, असेही नाही. आत मस्सा असेल, गर्भाशयाच्या पोकळीत फायब्रॉइड शिरलेला असेल किंवा जुनाट संसर्ग असेल, तर नऊ मिलिमीटरही कामाला येत नाहीत. हे दोष मात्र शोधून दूर करता येतात.

अपयशाचे मोठे कारण अस्तराच्या बाहेरच असते. ते गर्भातच असते. स्त्रीचे वय वाढते तसे बीजातल्या गुणसूत्रांचे दोष वाढतात आणि असे गर्भ उत्तम अस्तरातही टिकत नाहीत. दात्या तरुणीचे बीज वापरून केलेल्या उपचारांत हे लख्ख दिसते. गर्भ धारण करणारी स्त्री चाळिशी ओलांडलेली असली तरी यश फारसे खाली येत नाही, कारण बीज तरुण असते. गर्भाशयाचे वय बीजाइतक्या वेगाने वाढत नाही. शिवाय जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा सोबतीने असतेच. वीर्यतपासणी स्वस्त आहे, एका दिवसात होते, त्यात कापाकापी नाही. ती झाल्याशिवाय बाईच्या पिशवीबद्दल घरात एक शब्दही निघता कामा नये.

अस्तराचा वाटा असा मर्यादित असताना बाजार मात्र त्याभोवती भरतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दोन-तीन प्रयत्न वाया गेलेले, एकरभर शेत गहाण टाकलेले जोडपे ‘आणखी काही करता येईल का?’ असे विचारते, तेव्हा ‘नाही’ म्हणणे कठीण असते. ‘अस्तराची एक तपासणी आहे’ म्हणणे सोपे असते. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढला की गर्भ चांगला रुजतो, हा समज २००३ पासून जगभर पसरला. १३६४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत २६.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. एका दशांशाचाही फरक नाही. अस्तरातल्या जनुकांवरून गर्भ सोडण्याचा नेमका तास ठरवून देणारी ‘ईआरए’ ही महागडी तपासणीही अशीच गाजली. २०२२ साली ‘जामा’मध्ये ७६७ स्त्रियांवरची चाचणी आली. तपासणीप्रमाणे वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेला गर्भ सोडलेल्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना मूल झाले. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स अस्तरात सोडणे, रक्तप्रवाह वाढवणाऱ्या गोळ्या देणे, यांवर अभ्यास चालू आहेत, पण सर्वांना द्यावे असा भक्कम पुरावा अजून तयार झालेला नाही. काही निवडक रुग्णांत अनुभवी डॉक्टर यातले काही वापरून पाहतात, त्यात गैर काही नाही. पुरावा किती आहे आणि पैसे किती लागतील, हे आधी सांगितले गेले पाहिजे, एवढेच.

ते सांगणे आता डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा त्यात आहे. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे ही केंद्राची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणेही बंधनकारक आहे. आपल्याकडच्या जोडप्यांनी हा हक्क बजावावा. ‘माझ्या वयाच्या, माझ्यासारखी अडचण असलेल्या शंभर जणींपैकी तुमच्याकडे किती जणींच्या घरी मूल आले?’ असा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

आता मूळ मुद्दा. खालचा थर नष्ट होतो कसा?

पहिले कारण क्युरेटिंग. गर्भ पडला, अर्धवट पडला, बाळंतपणानंतर वारेचा तुकडा राहिला, नको असलेली गर्भधारणा काढायची झाली, की ‘पिशवी साफ करून घ्या’ हा सल्ला आजही गावोगावी मिळतो. क्युरेट हे पोलादाचे लांब दांडीचे हत्यार आहे, टोकाला धार असलेली कडी असते. ते आत घालून, आतले काही न दिसता, भिंतीवरून ओढायचे. हाताला खरखर लागली की पिशवी साफ झाली, असे जुन्या पिढीला शिकवले गेले. ती खरखर म्हणजे हत्यार खालच्या थरापर्यंत, कधीकधी स्नायूपर्यंत पोहोचल्याची खूण असते. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या गर्भाशयाची भिंत मऊ असते, त्यामुळे तिला इजाही लवकर होते. उघड्या पडलेल्या दोन भिंती एकमेकींना चिकटतात, आत जाळी धरते, पाळी कमी होते किंवा थांबते. जर्मनीतल्या हाइनरिश फ्रिच यांनी १८९४ साली असा रुग्ण नोंदवला होता. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. दुर्बिणीतून ही जाळी कापता येते. पण खाली अस्तरच उरले नसेल, तर कापूनही फार काही हाती लागत नाही.

याला पर्याय आहे आणि तो महागडा नाही. साठ मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज, तिच्या तोंडाशी झडप, आणि पुढे लवचिक प्लॅस्टिकची नळी. सिरिंजचा दट्ट्या ओढून आत पोकळी तयार करायची, नळी गर्भाशयात सरकवायची, झडप उघडली की आतले अवशेष ओढले जातात. धारदार कडी नाही, मोटार नाही, वीजही लागत नाही. लोडशेडिंगच्या गावात ही काही छोटी सोय नव्हे. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि अर्धवट गर्भपातात बऱ्याचदा गोळ्यांनीही काम होते. धारदार क्युरेटिंग ही कालबाह्य पद्धत आहे, तिच्या जागी हवेच्या दाबाने ओढण्याची पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगत आहे. भारत सरकारच्या गर्भपात सेवेच्या मार्गदर्शिकेतही तेच आहे. तरीही क्युरेट अनेक ठिकाणी हातातून सुटलेला नाही. सवय हे एक कारण, प्रशिक्षणाचा अभाव हे दुसरे. तिसरे कारण आपण वाचकांनी ऐकून घेतले पाहिजे. गर्भपात गुपचूप उरकण्याच्या धडपडीत बाई ग्रामीण रुग्णालयात न जाता आडबाजूला जाते. गर्भपात कायदेशीर आहे, सरकारी रुग्णालयात तो सुरक्षितपणे होतो, नाव गुप्त ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे, हे १९७१ च्या कायद्यापासूनचे वास्तव अजून प्रत्येक घरात पोहोचलेले नाही.

दुसरे कारण क्षयरोग, आणि ते जास्त फसवे आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आणि थुंकी आठवते. पण फुप्फुसातले जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत आणि तिथून अस्तरात उतरू शकतात. बाईला खोकला नसतो, तापही नसतो, वजन ठीक असते. पाळी हळूहळू कमी होत जाते आणि मूल राहत नाही, एवढेच लक्षण. जननेंद्रियांच्या क्षयात गर्भनलिका जवळजवळ नेहमी आणि अस्तर निम्म्याहून अधिक रुग्णांत बाधित होते. उशीर झाला तर अस्तराच्या जागी व्रण उरतो. औषधांनी जंतू मरतात, गेलेले अस्तर परत येत नाही. म्हणून सगळे महत्त्व लवकर ओळखण्याला आहे.

निदान अवघड आहे, हेही सांगितले पाहिजे. पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली, कल्चरसाठी आणि जनुकीय तपासणीसाठी पाठवावा लागतो. कधी पोटातली दुर्बीण घालून पाहावे लागते. नुसत्या एका जनुकीय (पीसीआर) अहवालावर कोणालाही सहा महिने औषधे देऊ नयेत, असे देशातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि तशी औषधे दिली जाण्याचे प्रकारही घडतात. पण घरात कोणाला क्षय झाला असेल, स्वतःला लहानपणी झाला असेल, गळ्यात गाठी येऊन गेल्या असतील, तर मूल होण्याच्या उपचारांच्या पहिल्याच भेटीत ते डॉक्टरांना सांगावे. लपवण्यात काहीच फायदा नाही. निदान झाले तर सरकारी कार्यक्रमातून उपचार मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. ज्या नलिका बंद झाल्या, त्यांच्यासाठी आयव्हीएफ हा रस्ता उरतो. अस्तर गेले, की तोही अरुंद होतो. मग मूल दत्तक घेणे किंवा कायद्याच्या चौकटीतली विनामोबदला सरोगसी, एवढेच पर्याय राहतात.

हे सगळे वाचून सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावातली बाई विचारेल, की माझ्या हातात काय आहे? बरेच आहे. गर्भपात किंवा बाळंतपणानंतर पिशवी साफ करायला सांगितली, तर ‘सिरिंजने की क्युरेटने?’ हा एक प्रश्न ती विचारू शकते, तिच्यासोबत गेलेली आशाताई विचारू शकते. क्युरेटिंगनंतर पाळी अचानक कमी झाली किंवा बंद झाली, तर ‘बरे झाले, कटकट गेली’ म्हणून गप्प न बसता महिन्या-दोन महिन्यांत दाखवू शकते. त्या वेळी जाळी पातळ असते आणि सोडवायला सोपी जाते.

आयव्हीएफपर्यंत पोहोचलेल्या जोडप्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि तिच्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही. गोठवलेला गर्भ सोडण्यासाठी अस्तर दोन प्रकारे तयार करता येते. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रातच, बीज फुटण्याची वेळ पाहून. नाहीतर बाहेरून इस्ट्रोजेन आणि मग प्रोजेस्टेरॉन देऊन. दुसऱ्या पद्धतीत तारीख ठरवता येते, फेऱ्या कमी पडतात, म्हणून केंद्रांना आणि लांबून येणाऱ्यांनाही ती सोयीची वाटते. यशाच्या प्रमाणात दोन्हींत मोठा फरक नाही. पण गोळ्यांच्या चक्रात बीज फुटत नाही, त्यामुळे बीज फुटल्यावर बीजांडकोशात जी ग्रंथी तयार होते तीही तयार होत नाही. आणि अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अकोल्यातल्या मोठ्या दवाखान्यात दिवस गेले, तरी आठव्या महिन्यात मध्यरात्री डोके दुखू लागले की ती बाई आधी वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयातच येणार आहे, आणि तिथून शेगावच्या सईबाई मोटे रुग्णालयात किंवा खामगावला. म्हणून पाळी नियमित असलेल्या बाईने नैसर्गिक चक्राबद्दल जरूर विचारावे. आणि कोणत्याही पद्धतीने दिवस गेले असले, तरी आयव्हीएफची फाईल घेऊन गावच्या रुग्णालयात नाव नोंदवावे, दर भेटीला रक्तदाब मोजून घ्यावा. सोनोग्राफीच्या फेऱ्याही वाचवता येतील. अस्तर मोजण्यासाठी प्रत्येक वेळी अकोल्याची एसटी धरण्याची गरज नाही. खामगाव-शेगावात नोंदणीकृत यंत्रावर स्त्रीरोगतज्ज्ञाने केलेली मोजणी फोनवर केंद्राला कळवता येते. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायची तयारी दाखवावी लागेल, एवढेच.

मोठ्या धोरणाबद्दल थोडक्यात. जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. तरी आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत. गोव्याने २०२३ मध्ये आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. महाराष्ट्राने विदर्भात निदान एका शासकीय महाविद्यालयात तसे केंद्र सुरू करावे, ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरली पाहिजे. पण ते केंद्र उभे राहील तेव्हा राहील. त्याची वाट न पाहता तालुक्यात करता येण्यासारख्या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत. ग्रामीण रुग्णालयात सिरिंजचे संच वर्षभर उपलब्ध असावेत आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर कायम असावा. मूल न होणाऱ्या प्रत्येक जोडप्याची पहिली तपासणी, वीर्यतपासणीसह, तिथेच व्हावी. अस्तराचे नमुने क्षयाच्या जनुकीय तपासणीसाठी तालुक्यातून जिल्ह्याला नियमित जाण्याची सोय असावी. खाजगी रुग्णालयांतही धारदार क्युरेट बंद होत आहे की नाही, यावर जिल्हा शल्यचिकित्सकांनी लक्ष ठेवावे.

जळगाव जामोद मतदारसंघाच्या आणि जिल्हा परिषदेच्या लोकप्रतिनिधींना आमची विनंती आहे, की जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत संग्रामपूर तालुक्यासाठी हा विषय नावानिशी मांडावा आणि त्यासाठी निधीची तरतूद करून घ्यावी.